मेंदी, नीळ आणि एक रुपयाची पुडी: रंगवलेल्या केसांना शॅम्पू कोणता?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शॅम्पूवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही बातमी आमच्या गल्लीत पोचली तेव्हा शेजारच्या काकू ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "काहून वो मॅडम, शाम्पू सस्ता झाला म्हणतेत. मंग चांगला कोणता घ्या लागते? माही मेंदी टिकूनच नाही राहिली."

काकू दर महिन्याला न चुकता मेंदी लावतात. रात्री लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवायची, सकाळी लावायची, दोन-अडीच तासांनी धुवायची. वर्षभरापासून त्यांची मुलगी अमरावतीहून इंडिगो पावडर, म्हणजे नीळ, आणून देते. ती दुसऱ्या दिवशी मेंदीवरून लावली की केस लाल न दिसता काळसर दिसतात. चार दिवस सगळं झकास. दहाव्या दिवशी डोकं पुन्हा विटकरी.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. वाटलं, एखाद्या शॅम्पूचं नाव सांगितलं की विषय संपला. सहज विचारलं, "आता डोकं कशानं धुता?" तर म्हणाल्या, "अंगाच्या साबणानं. पुडी फक्त सणावाराले."

मग मी त्यांच्या ओट्यावरच बसले.

केस म्हणजे कवेलूचं छप्पर

केसाची बाहेरची बाजू गुळगुळीत वाटते, पण सूक्ष्मदर्शकाखाली ती कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरासारखी दिसते. एकावर एक चढवलेले पातळ खवले, तोंड खालच्या दिशेला. आत केराटिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा गाभा असतो. आपली नखंही याच प्रथिनाची. खवले नीट बसलेले असले की केस चमकतो, गुंतत नाही आणि आत शिरलेला रंग आत राहतो. कवेलू सरकले की घर गळतं, तसंच इथंही.

हे खवले उचलतात कशानं? एक तर नुसत्या पाण्यानं. ओला केस फुगतो, त्याची जाडी साधारण १५ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे कितीही महागाचा शॅम्पू आणा, डोकं ओलं केलं की थोडा रंग जाणारच. दुसरं कारण घासणं. आणि तिसरं, ज्याकडे कोणी बघत नाही, ते म्हणजे धुण्याच्या वस्तूचा आम्लपणा किंवा खारेपणा (मिठाचा नव्हे, सोड्यासारखा). तो पीएच नावाच्या मापानं मोजतात. माप ० ते १४. शुद्ध पाणी मधोमध ७ वर. लिंबाचा रस २ च्या आसपास, दही ४ ते साडेचार. वर खाण्याचा सोडा ८ च्या पुढे आणि कपडे धुण्याचा सोडा ११ च्या आसपास. डोक्याची कातडी साडेपाचजवळ असते, केस त्याहूनही आंबट बाजूला. म्हणजे केसाला दह्या-ताकाचा शेजार मानवतो, सोड्याचा नाही. खारेपणा वाढला की खवले उघडतात.

अंगाचा नेहमीचा साबण ९ ते १० वर असतो.

मेंदी गाठ मारते, नीळ भेगेत बसते

काकूंना वाटत होतं मेंदी उतरतेय. मेंदी उतरत नव्हतीच.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. वाळलेल्या पानात जेमतेम एक-दोन टक्के. ते केसात शिरतं आणि केराटिनशी रासायनिक गाठ मारून बसतं. ही गाठ शॅम्पूनं सहजासहजी सुटत नाही. नखाला लागलेली मेंदी आठवा. ती पुसून जात नाही, नख वाढेल तशी पुढे सरकत जाते आणि शेवटी कापली जाते. केसातही तेच होतं.

निळीची गोष्ट वेगळी. निळीच्या झाडाच्या पानात मुळात निळा रंग नसतोच. त्यात एक बिनरंगी पदार्थ असतो. पान पाण्यात भिजलं की तो फुटतो, बारीक कण केसात शिरतात, तिथं त्यांना हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि मग ते निळे होतात. निळे झाले की पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून आत अडकून राहतात. पण केसाशी त्यांची गाठ नसते. पावसाळ्यात शेतातून आलं की टाचेच्या भेगेत काळी माती बसलेली असते ना, तशी नीळ केसात बसलेली असते. दोनदा पाय धुतले तर जात नाही, पण रोज दगडानं घासलं तर जाते.

खाली मेंदीचा नारिंगी आणि वर निळीचा निळा मिळून डोळ्याला काळसर तपकिरी दिसतं. घासून घासून नीळ गेली की खालची मेंदी उघडी पडते आणि आपण म्हणतो, केस लाल पडले. नुसती मेंदी लावणाऱ्याला शॅम्पूची एवढी चिंता करायचं कारण नाही. त्याच्यापुढचा प्रश्न कोरडेपणाचा आहे. नीळही लावत असाल तर मात्र सौम्य शॅम्पूचं काम पडतं.

(कपड्यांना घालायची निळीची बाटली किंवा पुडी ही वेगळी वस्तू. तिचा या निळीशी नावापुरता संबंध. आमच्याकडे एकीनं ती डोक्याला लावून पाहिली, म्हणून सांगितलं.)

शॅम्पू हा अडत्या

मळ नुसत्या पाण्यानं का निघत नाही? कारण डोक्यावरची धूळ तेलात चिकटलेली असते, आणि तेल नि पाणी एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये कोणीतरी लागतो. कापूस बाजारात शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या उभा असतो, तसा. शॅम्पूतल्या मुख्य पदार्थाच्या प्रत्येक कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. तो तेलाला घेरतो आणि पाण्याबरोबर बाहेर काढतो. या अडत्याला आपण 'मळकाढ्या' म्हणू. पुस्तकातलं नाव सर्फॅक्टंट आहे, पण ते एकदाच सांगून सोडून देते.

आता अडत्येही सगळे सारखे नसतात. एखादा आपली अडत घेऊन बाजूला होतो, एखादा पोत्याचे पैसेही कापतो. कडक मळकाढ्या मळाबरोबर कातडीनं स्वतःसाठी बनवलेलं तेलही घेऊन जातो. मग केस कोरडे पडतात, एकमेकांवर घासतात, खवले झिजतात आणि भेगेतल्या निळीला बाहेरची वाट मिळते. सौम्य मळकाढ्या मळ नेतो आणि बरंचसं तेल मागे ठेवतो. सौम्य शॅम्पू म्हणजे एवढंच.

साबणाशी खरं भांडण

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं यात येतात. जमिनीखालचं पाणी खारं, प्यायला २० लिटरचा कॅन विकत घ्यायचा आणि अंघोळीला बोअरचं. विदर्भात सगळीकडे असं नाही. भंडारा-गोंदियाकडे तलावाचं पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास कमी. पण बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं. तुमचं पाणी जड आहे का हे बघायला प्रयोगशाळा नको. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला पांढरा खरपुडा धरतो का, ते पाहा.

दरवर्षी नववीच्या वर्गात मी एक प्रयोग करते. पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या घ्यायच्या. पहिलीत बोअरचं पाणी आणि साबणाचा चुरा. दुसरीत कॅनचं पाणी आणि तेवढाच चुरा. तिसरीत बोअरचं पाणी आणि पुडीतल्या शॅम्पूचे चार थेंब. झाकणं लावून पोरांना हलवायला सांगायचं. दुसरीत आणि तिसरीत फेस वर येतो. पहिलीत फेस धरत नाही. पाणी फाटलेल्या दुधासारखं होतं आणि वर पांढरी साय तरंगते.

ती साय म्हणजे साबण आणि क्षार यांचा चोथा. बादलीच्या आतल्या बाजूला पांढरट चिकट रेघ धरते ती हीच. डोकं साबणानं धुतलं की हा चोथा केसावर बसतो. केस राठ होतो, फणी अडकते, मग आपण आणखी साबण लावतो आणि आणखी घासतो. वर साबणाचा खारेपणा खवले उघडे ठेवतोच. उघडी कवेलू आणि त्यावर घासणं. काकूंची नीळ दहा दिवसांत जात होती ती अशी.

म्हणून मी काकूंना पहिल्यांदा सांगितलं ते हे, की डोक्याला साबण बंद करा. त्यापेक्षा एक रुपयाची कोणतीही पुडी बरी. शॅम्पूतले मळकाढे जड पाण्यात असा चोथा करत नाहीत. सौम्य शॅम्पू मिळाला तर उत्तमच, पण साबणावरून पुडीवर येण्यात जेवढा फायदा आहे, तेवढा पुडीवरून महागाच्या बाटलीवर जाण्यात नाही. शहरातले लेख हे सांगत नाहीत, कारण शहरात साबणानं डोकं धुणारे आता कमी राहिलेत.

बाटली फिरवून बघा

पुढचं पाऊल दुकानातलं. बाटलीच्या पुढच्या बाजूला हिरवं पान, आवळा, जास्वंद आणि 'हर्बल' असा शब्द असतो. त्यावरून शॅम्पू सौम्य आहे की कडक हे कळत नाही. खरी माहिती मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत असते. आपल्याकडे नियम असा आहे की एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे. पहिलं नाव बहुधा पाण्याचं. त्यानंतरची तीन-चार नावं म्हणजे तो शॅम्पू. अर्क म्हणून पुढे जी झाडपाल्याची नावं येतात, ती सुगंधाच्या नावानंतर आली असतील तर समजा की ती तर्री पोह्यावरची कोथिंबीर आहे.

पुडीवर मात्र ही यादी सापडेलच असं नाही. ६० मिलिलिटरपेक्षा लहान पॅकवर ती छापायची सक्ती नाही. यावर माझा उपाय सोपा आहे. पुडी घ्यायची असली तरी त्याच नावाची मोठी बाटली मागायची, मोबाईलनं मागच्या बाजूचा फोटो काढायचा आणि मोठा करून वाचायचा. वाचता येत नसेल तर घरातल्या पोराला वाचायला लावायचं. मी आमच्या किराणा दुकानात असंच करत होते, तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, बाटली पाहाचीच हाय, का घ्याची बी हाय?" पुड्यांच्या माळेखाली उभं राहून मी पाच बाटल्या वाचल्या आणि एक पुडी घेऊन घरी आले.

वाचायचं काय? पाण्यानंतर लगेच 'सोडियम लॉरिल सल्फेट' किंवा 'अमोनियम लॉरिल सल्फेट' असेल तर तो कडक. 'सोडियम लॉरेथ सल्फेट' हा त्यांचाच धाकटा भाऊ, जरा मवाळ. पुड्यांमध्ये बहुतेकदा हाच असतो. त्याच्या जोडीला 'कोकामिडोप्रोपिल बिटेन' असेल तर कडकपणा आणखी उतरतो. सुरुवातीलाच 'डेसिल ग्लुकोसाइड', 'कोको ग्लुकोसाइड' किंवा 'सोडियम कोकोइल आयसेथिओनेट' अशी नावं दिसली तर तो सौम्य गटातला समजायचा. एका शब्दाला फसू नका. पुढे मोठ्या अक्षरांत 'सल्फेट नाही' असं लिहून मागे 'ओलेफिन सल्फोनेट' घातलेलं असतं. तो सल्फेट नाही हे खरं, पण मळ ओरबाडण्यात तो फार मागे नाही. आणि आमच्यासारख्या जड पाण्याच्या गावात यादीच्या शेवटी 'ईडीटीए' हा शब्द दिसला तर चांगलं. तो पाण्यातल्या क्षारांना धरून ठेवतो.

पीएच मात्र बाटलीवर क्वचितच लिहिलेला असतो. २०१४ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी १२३ शॅम्पू तपासले, तेव्हा त्यांचे आकडे साडेतीनपासून ९ पर्यंत पसरलेले निघाले. म्हणजे शॅम्पू म्हटला की तो केसाला मानवणाराच असेल, असं नाही. यादीत 'सायट्रिक ॲसिड' असेल तर बनवणाऱ्यानं पीएच खाली आणायचा विचार केलाय, एवढं तरी कळतं.

"फेसच नाही आला, तर मळ कसा निघन?"

हा प्रश्न काकूंचा, आणि तो रास्त आहे. सौम्य मळकाढे फेस कमी करतात, त्यामुळे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. पण फेस म्हणजे मळकाढ्यात अडकलेली हवा. मळ काढण्याचं काम फेसाखालचं पाणी करतं. तेल जास्त असेल तर कडक शॅम्पूलाही पहिल्या वेळी फेस येत नाही, आणि तरी बराचसा मळ पहिल्याच धुण्यात निघतो.

दाटपणाचंही तसंच. शॅम्पू दाट असला म्हणजे त्यात माल जास्त, असा समज आहे. हा दाटपणा पुष्कळदा साध्या मिठानं आणलेला असतो.

"सल्फेटनं कॅन्सर होते म्हणतात"

मोबाईलवर फिरणारी ही गोष्ट खोटी आहे. शॅम्पूतल्या सल्फेटनं कॅन्सर होतो याला पुरावा नाही. काहींच्या कातडीला त्यानं खाज येते, डोळ्यात झोंबतं, केस कोरडे पडतात. दोष एवढेच, आणि ते टाळण्यासाठी पुरेसेही आहेत. त्याला विष म्हणायची गरज नाही.

"आमच्या आजीनं शॅम्पू पाहिलाच नव्हता"

बरोबर. आजीकडे शिकेकाई आणि रिठे होते, नसले तर काळी माती. शिकेकाई-रिठ्यात सॅपोनिन नावाचा मळकाढा निसर्गानंच घातलाय. तो जड पाण्यात साबणासारखा फाटत नाही आणि शिकेकाईचं पाणी किंचित आंबट असतं, म्हणजे केसाच्या बाजूचं. निळीच्या केसांना शिकेकाई चांगली, यात मला शंका नाही.

पण तीन गोष्टी सांगते. रिठा शिकेकाईपेक्षा कडक असतो. तो जास्त झाला तर केस पुडीपेक्षाही राठ होतात. निसर्गातलं म्हणून सौम्य, असा हिशेब नसतो. दुसरं, बाजारातली शिकेकाई पावडर तशीच डोक्याला लावून घासू नका. ते खरखरीत कण वाळूसारखं काम करतात. शेंगा रात्री भिजवा, सकाळी उकळा, फडक्यातून गाळा आणि फक्त ते पाणी वापरा. डोळ्यात जाऊ देऊ नका, चांगलंच झोंबतं. तिसरं, वेळेचं. कापूस वेचायच्या दिवसांत पहाटे डबा करून शेतात निघणारी बाई शिकेकाई उकळत बसणार नाही, आणि तिनं बसावं असं मी म्हणणार नाही. आठवड्याला एकदा शिकेकाई आणि एकदा पातळ केलेली पुडी, असं काकूंचं आता चाललंय.

लहान बाळांचा शॅम्पू चालेल का, असंही विचारतात. चालतो. तो डोळ्याला झोंबू नये म्हणून बनवलेला असतो, रंगासाठी नव्हे, पण मवाळ असतो. तेलकट डोक्याला मात्र कमी पडतो.

तेल लावायचं की नाही

लावायचं, पण वेळ पाहून. मेंदी किंवा नीळ लावायच्या आधी डोक्याला तेल नको. तेलाच्या थरातून रंग आत शिरत नाही. रंग बसल्यावर, पुढच्या धुण्याच्या आधी, तासभर खोबरेल लावणं फायद्याचं. मुंबईत झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की खोबरेल केसात शिरतं आणि धुताना केसातून जाणारं प्रथिन कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमलं नाही. अभ्यास करणारे खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगून ठेवते. पण त्यांनी दिलेलं कारण रसायनशास्त्राला धरून आहे.

तेल थापलं आणि सौम्य शॅम्पूनं ते निघालं नाही, अशी तक्रार नेहमी येते. अशा वेळी तेल कमी लावा. नाहीतर पातळ शॅम्पूनं दोनदा धुवा. एकदाच कडक धुण्यापेक्षा केसाला ते सोसतं.

धुण्याची रीत

पातळ शॅम्पू म्हणजे काय ते सांगायचं राहिलं. माझी आई पुडी फाडून मगभर पाण्यात टाकायची, हातानं ढवळायची आणि ते पाणी आम्हा दोघी बहिणींच्या डोक्यावर अर्धं-अर्धं ओतायची. तो काटकसरीचा भाग होता, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीनंही यापेक्षा चांगली रीत नाही. कडक शॅम्पू पातळ केला की एका जागी त्याचा मारा होत नाही, सगळीकडे सारखा पोचतो आणि धुऊनही लवकर निघतो. हे पाणी टाळूवर ओतायचं आणि बोटांच्या पेरांनी चेपायचं. केसांच्या लांबीला वेगळं घासायचं नाही, वरून ओघळतं तेवढं त्यांना पुरतं. 'शॅम्पू' हा शब्दही मुळात हिंदीतल्या 'चाँपना'वरून, म्हणजे चेपण्यावरूनच गेलाय. शेख दीन मुहम्मद नावाच्या पाटण्याच्या माणसानं १८१४ च्या सुमारास इंग्लंडातल्या ब्रायटनला जाऊन लोकांना चंपीचं वेड लावलं. साबणाचा त्यात संबंध नंतर आला.

नीळ लावल्यावर दोन दिवस शॅम्पू नको, नुसत्या पाण्यानं धुवा. रंग हवेशी मिळून पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो. नुसत्या मेंदीचा रंगही पहिल्या एक-दोन दिवसांत गडद होतो.

पाणी गरम नको. आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे मे महिन्यात कोण पाणी गरम करतं? कोणी नाही. पण गच्चीवरची काळी टाकी करते. पारा ४५ वर असताना दुपारी नळ सोडला तर हात भाजतो, आणि शेतातून आल्यावर नेमकं त्याच पाण्यानं डोकं धुतलं जातं. रात्री बादली भरून झाकून ठेवा, सकाळी ते पाणी थंड असतं.

शेवटचं पाणी महत्त्वाचं. बोअरच्या पाण्यानं धुऊन झालं की कॅनमधलं एक तांब्या पाणी सावकाश केसांवरून ओता, म्हणजे क्षार मागे राहत नाहीत. प्यायचं विकतचं पाणी डोक्यावर ओतायला जीव होत नसेल, आणि मलाही होत नाही, तर मगभर पाण्यात चार चमचे गाळलेलं ताक किंवा चमचाभर लिंबाचा रस टाकून ते शेवटी ओता. उघडलेले खवले त्यानं बसायला मदत होते. ताकाचा वास थोडा राहतो, त्याला इलाज नाही. अख्खं लिंबू थेट डोक्यावर पिळू नका. पावसाळ्यात तर पागोळीचं पाणी फुकट आहे आणि त्याच्याइतकं मऊ पाणी दुसरं नाही. पहिल्या पावसाचं सोडून द्या, त्यात छपराची धूळ असते.

उन्हाचंही एक. ऊन निळीला खातं. निंदायला किंवा वेचायला जाताना डोक्यावरून शेव, म्हणजे पदर, घेतात किंवा रुमाल बांधतात, तो रंगासाठीही चांगला.

'काळी मेंदी' हे वेगळं प्रकरण

हे सगळं खऱ्या मेंदीला आणि निळीला लागू. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून जी पुडी मिळते आणि अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करते, ती मेंदी नव्हे. मेंदीच्या पानानं केस कधीच काळा होत नाही, लाल-नारिंगीच होतो. अशा पुड्यांत बहुतेकदा पी-फिनिलिनडायअमाइन असतं. त्याची लेबलवरची ओळख पीपीडी. काहींना त्याची जबर ॲलर्जी येते. कपाळ सुजतं, डोळे मिटतात, टाळूवर फोड येतात. ते पोटात गेलं तर घसा सुजून श्वास अडतो आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून ही पुडी लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.

माझीच चूक सांगते. भावाच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये 'हर्बल' म्हणून मी असाच रंग लावून घेतला होता. पुडी पाहायला मागितली नाही, कारण विचारायला संकोच वाटला. हळदीच्या दिवशी माझे कान लाल होऊन सोलले होते, आणि घरातल्या बायका म्हणत होत्या, हळद जास्त लागली. तेव्हापासून नवीन काहीही लावायचं असलं की कानामागे किंवा कोपराच्या आत थोडं लावून ४८ तास थांबते. हे तुम्हीही करा. आणि ज्याला कोंड्यासाठी डॉक्टरांनी औषधी शॅम्पू दिलाय, त्यानं रंगाचा विचार न करता तोच वापरावा. आधी टाळू, मग रंग.

मुळाशी पांढरं दिसतं ते कशानं?

साबण सोडून दोन महिने झाल्यावर काकूंना विचारलं. नीळ आता तीन-साडेतीन आठवडे टिकते, केस गुंतत नाहीत, असं म्हणाल्या. पण तक्रार होतीच. भांगाशी पांढरी रेघ दिसते, म्हणजे शॅम्पूनं तिथला रंग काढला.

मी त्यांच्या नातवाची पट्टी मागितली आणि भांगाशी लावली. पांढरा भाग भरला साधारण एक सेंटिमीटर. "काकू, केस महिन्याला एवढाच वाढते. हा नवा केस आहे, त्याले रंग लागलाच नव्हता, तर उतरन कुठून?"

काकूंनी पट्टी हातात घेऊन स्वतः पाहिली. मग म्हणाल्या, "बरं. मंग याले कोणता शाम्पू हाय?"